शुक्रवारच्या सिनेमाबद्दल

चि. बाळ,

परवा तू दार आपटून खोलीत गेलास आणि मी ‘नाही म्हणजे नाही’ म्हणून शुक्रवारी रात्री मित्राकडे सिनेमा पाहण्याचा विषय संपवला. गंमत म्हणजे तो सिनेमा आपल्या दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. माझी बाजू त्यामुळे लंगडीच होती. काल रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून मी तो अथपासून इतिपर्यंत पाहिला. समोरासमोर यावर बोलायला मला संकोच वाटतो, तुला तर वाटेलच. म्हणून हे पत्र.

आधी कबुली देतो, मी हसलो. लिफ्टमधली मारामारी तर मागे नेऊन पुन्हा पाहिली.

तू म्हणालास, सिनेमाला मिळालेलं ‘आर’ प्रमाणपत्र म्हणजे काही बंदी नव्हे. खरं आहे. अमेरिकेत १९६८ पासून चालत आलेल्या पद्धतीत ‘आर’चा अर्थ एवढाच की १७ वर्षांखालच्या मुलासोबत पालक हवा. (पालक, मित्राचा मोठा भाऊ नव्हे!) ब्रिटनमध्ये १८चा शिक्का असेल तर आईबाप सोबत असले तरी लहान मुलाला थिएटरात सोडत नाहीत. भारतातलं ‘ए’ही तसंच. म्हणजे जाणत्या लोकांचंही यावर एकमत नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ हे ‘आर’हून सौम्य प्रमाणपत्र आलं. त्यात ती एक प्रसिद्ध इंग्रजी शिवी साधारणपणे एकदाच चालते, दुसऱ्यांदा आली की सिनेमा ‘आर’मध्ये. शिव्या मोजता येतात, म्हणून मोजत असावेत.

मला शिव्यांचं फारसं वाटलं नाही. त्या सगळ्या तुला येतात; गेम खेळताना तुझ्या खोलीचं दार नीट लागलेलं नसतं. उघडीनागडी दृश्यं दोन-तीन आहेत, तीही बावळटच. डोक्यात बाटली फुटल्यावर नायक कोटी करत उठतो. खऱ्या आयुष्यात तशा फटक्याने माणूस जिवाला मुकू शकतो, हे तुला सांगायला नको.

मी अडलो तो पार्टीच्या प्रसंगापाशी. दारू पिऊन शुद्ध हरपलेली मुलगी सोफ्यावर पडलेली आहे, नायकाचा दोस्त तिचे कपडे सरकवून मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि सगळ्यांना पाठवतो. पुढची पाच मिनिटं कुणाकुणाचे फोन कुठे कुठे वाजतात, यावर विनोद. एका फोनला तर मीही हसलो, आणि मग लक्षात आलं की या सगळ्यात ती अजून झोपलेलीच आहे. सकाळी उठून तिचं काय झालं, हे सिनेमाला दाखवावंसंच वाटत नाही. तिला नावसुद्धा नाही. खलनायकाच्या कुत्र्याला आहे.

असा व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे आणि तुझ्या वयाच्या मुलांच्या हातात तोच फोन आहे. पण तू सिनेमा पाहून तसं काही करशील, ही माझी भीती नाहीच. मला दिसतात ती तुम्ही सहा मुलं, एकाच गादीवर, अर्ध्या रात्री. घोळक्यात सगळे खिदळत असताना एकट्याने गप्प बसायला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. तुझ्या वयात मला ते जमलं नव्हतं. विनोद सिनेमातला नव्हता, आमच्या वर्गातल्या एका मुलीवरचा होता. तिने मागे वळून पाहिलं होतं.

म्हणून शुक्रवारी मित्राकडे नाही. रागावलास तरी चालेल.

पण शनिवारी, छोटी झोपल्यावर, घरी पाहू. रिमोट तुझ्या हातात. पार्टीच्या प्रसंगानंतर मात्र दहा मिनिटं थांबवायचा आणि तुला काय वाटलं ते सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही, असा प्रयत्न करेन. दोन ठिकाणी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाईन. कुठे, ते तुला कळेलच. मी परत येईपर्यंत ते दृश्य संपलेलं असू दे.

तुझा,
बाबा