पट्टी बरोबर, नकाशा लबाड

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, फोटो मिळाला. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून तुम्ही माझा प्रवास, मी राहते त्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयरब्येनपर्यंत, मोजलात, मग मुंबई-दिल्ली मोजलंत आणि खाली लिहिलंत, ‘जवळजवळ तिप्पट! म्हणजे सहा तास समुद्रावर?’ ते वाचून आई रात्रभर झोपली नसणार.

पट्टीत काही चूक नाही, लबाडी नकाशाची आहे. तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या, 1569 सालच्या पद्धतीचा. खलाशांना दिशा अचूक मिळावी म्हणून काढलेला. पृथ्वीवर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्या नकाशात मात्र ती शेवटपर्यंत समांतर. म्हणजे उत्तरेकडची जमीन आडवी ताणली जाते, आणि आकार बिघडू नये म्हणून तिला उभंही ताणावं लागतं. आम्ही राहतो तिथे हा ताण इतका की पट्टीला काही अर्थच उरत नाही.

त्यापेक्षा तुमच्या आवडीचं तोंडी गणित करा. ट्रॉम्सो 69.7 उत्तर, लाँगयरब्येनचा विमानतळ 78.2. दोन्ही साधारण एकाच रेखांशाच्या आसपास, त्यामुळे तिरक्या अंतराची भानगड नाही. साडेआठ अंश, अंशाला 111 किलोमीटर. साडेनऊशेच्या आसपास येतात ना? मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,140. म्हणजे माझा प्रवास त्याहून कमीच! विमानाला दीड-पावणेदोन तास लागतात, आणि त्यातही धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची वेळ धरलेली असते. दोन्हीकडे घड्याळ एकच, तेव्हा तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करायच्या.

समुद्र मात्र खरा आहे, ते लपवत नाही. मध्ये ब्यॉर्नोया नावाचं एक बेट, त्यावर हवामान केंद्र, बाकी पाणीच. लाँगयरब्येनला धुकं दाटलं तर विमान उलटं फिरून परत येतं, तेवढं इंधन घेऊनच निघतं.

गंमत म्हणजे स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बिनपासपोर्ट प्रवासाच्या देशगटाच्या, बाहेर. त्यामुळे देशातल्या देशात जाताना पासपोर्ट दाखवावा लागतो. माझं निवासपत्र आहे, काळजी नको. आपलं, म्हणजे भारताचं, ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र तिथून आणखी शंभरेक किलोमीटर वायव्येला, नी-ऑलेसुंदला. 2008 पासून आहे. तिकडे छोटं विमान जातं, पण मला जमेलसं दिसत नाही.

आई, अस्वलांचं विचारलंस. विमानतळावरून गावात बस जाते आणि गावाबाहेर मी एकटी पाऊल टाकणार नाही. बंदुकीवाला वाटाड्या असल्याशिवाय आमचं काम सुरूच होत नाही. आणि तुला आवडेल असं एक: तिथे हॉटेलात, संग्रहालयात चपला-बूट दारातच काढतात. कोळशाच्या खाणी होत्या, काळी धूळ आत येऊ नये म्हणून पडलेली सवय. लोकरीचे मोजे घेतलेत, तू विणलेलेच.

मंगळवारी साडेअकराला विमान, दीडच्या आत पोचेन. तुमच्याकडे सहा वाजतील. सातपर्यंत फोन आला नाही तर समजा धुकं होतं आणि मी परत ट्रॉम्सोलाच आहे. बाबांनी तोवर पट्टी कपाटात ठेवावी.

तुमची,
मुग्धा