आईच्या काळजाच्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बीडची. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी धुळे–सोलापूर महामार्गावर माझ्या धाकट्या भावाचा अपघात झाला. छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी रुग्णालयात त्याला मेंदूमृत ठरवलं. सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी होते. त्या सहा तासांतच आईनं अवयवदानाला होकार दिला. सही करताना हात थरथरत होता, म्हणून तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं.

दोन्ही मूत्रपिंडं दोघांना लागली. यकृत मात्र लागलं नाही. कागदावर एवढंच आलं: वापरण्यायोग्य नाही. खोदून विचारल्यावर समन्वयक ताईंनी सांगितलं की यकृतात चरबी होती, अपघाताच्या रात्री रक्तदाब बराच वेळ पडलेला होता, आणि वर पुण्यापर्यंतचा सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास. डॉक्टरांनी धोका पत्करला नाही. त्यांना मी दोष देत नाही. पण आई यकृताला काळीजच म्हणते, आणि ती अजून विचारते, "त्याचं काळीज का नाही घेतलं गं कुणी?"

तिला सांगण्यासाठी म्हणून मी वाचायला घेतलं. रक्त थांबलं की यकृताच्या पेशी उपाशी पडतात, हे मला माहीत होतं. खरी मोडतोड पुष्कळदा यकृत दुसऱ्याला जोडून त्यात रक्त परत आल्यावर होते, हे नव्यानं कळलं. प्राणवायू एकदम आत येतो, थकलेल्या मायटोकॉन्ड्रियांतून, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांतून, मुक्त मूलकं नावाचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि जखमी पेशींच्या आतला माल बाहेर सांडतो. यकृतातच वस्ती करून असलेल्या कुफर पेशींना ही धोक्याची सूचना वाटते. अकरावीच्या मुलांना मी या पेशी एका ओळीत उरकत आले: यकृतातल्या भक्षक पेशी. इथं त्याच हाकाटी करतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जे वाचलं असतं तेही जाळतात. टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशीही या आगीत भर घालतात. यकृतात चरबी असेल तर फुगलेल्या पेशींमुळे त्या वाहिन्या आधीच चिंचोळ्या झालेल्या असतात. माझ्या भावाच्या यकृताबाबत डॉक्टरांना हीच भीती होती.

या पेशींना सरसकट दाबूनही भागत नाही. मेलेल्या पेशींचा कचरा उचलून यकृत पुन्हा बांधायला मदत करणाऱ्याही त्याच कुळातल्या. कुणाला, कधी आणि किती आवरायचं, हे शोधण्यासाठीच संशोधन लागतं.

बर्फाच्या डब्यात यकृत साधारण आठ ते बारा तासच ठेवता येतं. पण आता यंत्र आहे: यकृत शरीराच्या तापमानाला ठेवून त्यातून रक्त खेळवत राहायचं. २०१८ साली युरोपातल्या २२० प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बर्फाच्या तुलनेत यंत्रावरच्या यकृतांची इजा निम्म्यावर आली आणि नाकारली गेलेली यकृतंही निम्मीच होती. तीही सरासरी जास्त वेळ बाहेर राहूनसुद्धा. शिवाय यंत्रावर यकृत काम करतंय का, ते आधीच तपासता येतं. नुसतं डोळ्यांनी पाहून आणि हातानं चाचपून निर्णय घ्यावा लागत नाही.

साहेब, ज्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून ही यकृतं निघतात, तिथून मोठी प्रत्यारोपण केंद्रं लांब आहेत. पुण्यातल्या दात्यापेक्षा नांदेडच्या दात्याचं यकृत जास्त तास वाटेत असणार. म्हणून असं यंत्र आधी आमच्याकडं हवं. ते संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठेवा, विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या हाताशी, म्हणजे दाता कोणत्याही रुग्णालयात असला तरी ते तिथवर नेता येईल. मात्र नुसती खरेदी करू नका. ते चालवणारी माणसं रात्री दोन वाजताही हजर लागतील, कारण असे निर्णय बहुतेक रात्रीच होतात. तंत्रज्ञाची जागा रिक्त ठेवून यंत्र कपड्याखाली झाकून ठेवणार असाल, तर आमच्यावर उपकार नकोत.

आणि जी यकृतं नाकारली जातात, त्यांचे नमुने कुटुंबाच्या संमतीनं घाटीच्या प्रयोगशाळेत तपासले जावेत. आम्हाला कुणी विचारलं असतं तर आईनं तिथंही सही केली असती. अवयव का नाकारला, हे घरच्यांना मराठीत, चार ओळींत लिहून द्यायला तर पैसाही लागत नाही. ते तरी या महिन्यापासून सुरू करा.

अर्थसंकल्पाच्या आधी उत्तर मिळावं. मुंबईला येऊन भेटायची माझी तयारी आहे, आईही येईल म्हणते.

आपली विश्वासू,
एका दात्याची बहीण, बीड