बुडालेल्या कोयना खोऱ्याचे नकाशे खुले करा

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

भारतीय सर्वेक्षण विभाग आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र थेट आपल्यालाच. मागणी एकच आहे. कोयना धरण होण्यापूर्वीची त्या खोऱ्याची एक इंची टोपोशीट, म्हणजे एका इंचात एक मैल दाखवणारे तपशीलवार नकाशे, स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत.

महाबळेश्वरातून निघालेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ वळून कराडची वाट धरते. या टप्प्यातले बरेचसे खोरे आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. तिथली माणसे रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरपर्यंत पांगली. पुनर्वसनाचे रखडलेले प्रश्न वेगळ्या खात्याचे, ते इथे काढत नाही.

आजच्या १:५०,००० च्या नकाशावर तिथे निळा रंग आहे, बस्स. एक इंची शीटवर, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणात, नदीचे मूळ पात्र सापडते. काठच्या वाड्या, देवळाची खूण, आणि वाडीतून निघून सह्याद्रीची धार ओलांडत कोकणात उतरणारी तुटक रेघेची पाऊलवाटही. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, फुटांत असतात. त्यांच्यावर बोट फिरवले, की वाट कुठल्या सोंडेने चढत होती ते आजही सांगता येते. मालकी मात्र या नकाशाने सिद्ध होत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख आहे. पण पणजोबांची वाडी नेमकी कुठे होती, हे पणतवंडाला दाखवणारा दुसरा कागद कोणता? शिवाय धरणात किती गाळ साठला याचा अंदाज घ्यायचा, तर ढोबळ का होईना, मूळ तळाची उंची याच रेषा देतात.

असे नकाशे बंद ठेवण्यासाठी सुरक्षेचे कारण आता पटण्यासारखे नाही. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापायला घेतलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून कोणीही फुकट उतरवून घेतो. अडचण एवढीच, की त्यात सेंटिमीटरभर जागेत अडीच किलोमीटर कोंबलेले. वाडीला कुठली जागा! आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला भारतीयांसाठी नकाशांवरची पूर्वपरवानगीची अट काढली ती आपल्याच खात्याने. मग पाण्याखाली गेलेल्या पाऊलवाटांची राखण कोणासाठी?

सुरुवात ४७ जी या क्रमांकाच्या गटातल्या शीटपासून करावी, हे खोरे त्यातच येते. स्कॅन रंगीत हवा, समासातला मजकूर न कापता, म्हणजे सर्वेक्षणाचे वर्ष आणि आवृत्ती कळेल. एकाच शीटच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही द्याव्यात.

कळावे,
कोयना खोऱ्यातील एका धरणग्रस्त कुटुंबाचा वारस