गेटच्या बाहेरची गल्ली कोणाची?

महोदय,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिथे पूर्वी पालिकेची कचराकुंडी होती, तिथे दोनेक महिन्यांपासून पुन्हा कचरा पडायला लागला आहे. रिकामी शहाळी, निर्माल्याच्या पिशव्या, फ्लॅटच्या डागडुजीतून निघालेल्या फुटक्या लाद्या. ती कुंडी हटवण्यासाठी ज्यांनी तीन वर्षे खस्ता खाल्ल्या, त्यांच्यापैकी मी एक आहे. रोज सकाळी देवळात जाताना तो ढीग दिसतो आणि पोटात तुटतं, म्हणून हे पत्र.

घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा गल्लीतच वेगळा करायला घेतला. ते पाहून महापालिकेने १९९७ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ ही योजना आणली. लोकांच्या तोंडी तिचं नाव एएलएम. एका रस्त्यावरच्या किंवा गल्लीतल्या रहिवाशांनी मिळून समिती करायची, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचं खत जागेवरच करायचं, आणि त्या भागाच्या तक्रारींसाठी वॉर्ड ऑफिसने या समितीशी नियमित बोलायचं. आमची समिती १९९८ सालची. पहिली सभा तळमजल्यावरच्या काकींच्या ओटीवर झाली. जमलो होतो नऊजण, त्यांत सहा बायका.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. सार्वजनिक नळापासून मयतीच्या सामानापर्यंत सगळं चाळ कमिटी बघायची. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही अशाच शेजाऱ्यांच्या बळावर. त्यामुळे समिती हा प्रकार मला नवा नव्हता. नवीन होतं ते दारोदार फिरून ‘दोन बादल्या ठेवा’ म्हणून सांगणं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. पुढे त्याच वहिनी दहा वर्षे खताच्या टाक्या सांभाळत होत्या.

त्या टाक्यांविषयी थोडं सांगते. गल्लीच्या बंद टोकाला भिंतीलगत विटांच्या दोन टाक्या बांधल्या होत्या. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पालापाचोळा, मग शेणखत आणि गांडुळं. पहिल्याच महिन्यात आमचं चुकलं. कोणी उरलेली आमटी ओतली, कोणी मोसंब्याची सालं टाकली. सकाळी पाहिलं तर गांडुळं टाकी सोडून भिंतीवर चढलेली. तेव्हापासून झाकणावर खडूने लिहून ठेवलं, ‘शिजवलेलं नको, आंबट नको’. दोन महिन्यांनी खत चाळलं, तेव्हा ते चहाच्या भुकटीसारखं मोकळं निघालं. त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास होता. प्रत्येक घराला एकेक डबा वाटला. सुका कचरा कचरा वेचणाऱ्या दोन बहिणी घेऊन जात. त्यांना कुंडीत हात घालावा लागेना, याचं समाधान मला खतापेक्षाही मोठं वाटतं. कुंडीत टाकायला काही उरलंच नाही, तेव्हा पालिकेने ती उचलून नेली.

समितीचं रजिस्टर माझ्याकडे आहे. त्यातली २००५ सालची पानं फुगून चिकटली आहेत. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. कोणत्या तळमजल्यावर कोण म्हातारं एकटं राहतं, हे समितीतल्या बायकांना तोंडपाठ होतं, म्हणून अंधारातही सगळ्यांना वर चढवता आलं. पाणी ओसरल्यावर गटाराच्या तोंडातून पातळ प्लास्टिक पिशव्यांचा बोळा निघाला, तो मी स्वतः पाहिला आहे. पुढच्या सभेत एकच विषय होता, कापडी पिशव्या.

हे सगळं मोडलं ते भांडणातून नव्हे. पुनर्विकासात आमच्या अकरा इमारती गेल्या आणि चार टॉवर उभे राहिले. टाक्यांच्या जागी आता एका टॉवरचा पार्किंगचा रॅम्प आहे. जुनी माणसं काही डोंबिवलीला गेली, काही बदलापूरला, काही कायमचीच. रोज शंभर किलोंहून जास्त कचरा निघणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा, असं पालिकेने २०१७ मध्ये सांगितलं ते योग्यच झालं. पण त्यामुळे जो तो आपल्या गेटच्या आतलं पाहू लागला. चार टॉवर, चार चेअरमन, चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मधला रस्ता कोणाच्याच ग्रुपमध्ये नाही. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरचा दिवा सतरा दिवस बंद होता. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने कळवलं असेल.

त्यात ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते. अशा वेळी गल्लीची समिती जागी असती तर किती उपयोग झाला असता! २००९ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांची ही सभा, अध्यक्ष तिथला नगरसेवक. तरतूद कागदावर आहे, पण आमच्या गल्लीत अशा सभेची नोटीस लागलेली मी आजवर एकदाही पाहिली नाही.

माझी मागणी साधी आहे. क्षेत्रसभा भरवा, आणि त्यासाठी सभागृह नको, गल्लीतली एखादी ओटी किंवा पार्किंगची जागा पुरेल. वॉर्ड ऑफिसात पूर्वी समित्यांच्या बैठका होत. तिथे मुकादम, रस्त्याचे इंजिनिअर, पाणीखात्याचा माणूस समोर बसून उत्तर देत. त्या पुन्हा ठरल्या तारखेला व्हाव्यात. अ‍ॅपवर तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, पण समोर बसलेल्या माणसाला ‘मागच्या वेळी तुम्ही काय म्हणालात?’ असं विचारता येतं, ते अ‍ॅपला विचारता येत नाही. आणि चारही टॉवरच्या कमिट्यांनी एकेक माणूस गल्लीसाठी द्यावा. तरुण जोडप्यांना वेळ नसतो हे मला समजतं. आम्हीही तेव्हा नोकरी आणि घर सांभाळून रात्री साडेनऊला भेटत होतो.

मी आता एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, दारोदार फिरणं होत नाही. पण रजिस्टरची मागची साठ पानं अजून कोरी आहेत. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावं, मी घरीच असते.

— एक जुनी सभासद, पूर्व उपनगर, मुंबई