चि. ताईस, हौदाचं झाकण उघडण्याआधी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

वेळ अमावस्येला, येळवशीच्या पंगतीतून उठून तू गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. रोज आईला फोन करतेस, 'अण्णा जेवले का' म्हणून विचारतेस. मी शेजारीच बसलेला असतो, पण फोन माझ्या हातात येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

शेतात कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसली होती. जालन्याच्या काकांनी विचारलं, "ताई सध्या कोणत्या ब्रँचला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथंच आहे, संभाजीनगरला. आता मॅनेजर होईल." तू आंबील वाढत होतीस. तुझा हात थांबला ते मी बघितलं. काही बोलली नाहीस. उंडा आणि भज्जी तशीच ताटात ठेवून उठलीस आणि टेंभा ओवाळायलाही थांबली नाहीस. आईनं बिंदगीतली आंबील बाटलीत भरून ठेवली होती, ती तशीच राहिली.

चूक माझी आहे, बाई. तू बँक सोडून टाक्या-हौद साफ करायचा धंदा काढलास, हे सांगितलं तर काका पुढं काय विचारतील या भीतीनं मी खोटं बोललो. साफसफाई म्हटलं की आपल्याकडं माणसं आधी जात विचारतात, मग भाव. हे मला ठाऊक आहे आणि तरीही मी त्यांच्याच बाजूनं बोललो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

नोकरीबद्दल आता काही बोलायचं नाही असं ठरवून बसलोय. दिवाळीत बोललो तेवढं बस झालं. तुझं बँकेचं नेमणूकपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय, ते तसंच राहू दे म्हणते आई. आयुष्यभर पाणीपुरवठ्यात राबलो. रात्री दोनला उठून व्हॉल्व्ह फिरवले. पावसाळा असो, थंडी असो, हात कायम ओले. तू पंख्याखाली खुर्चीत बसून काम करतेस, तुझे हात कोरडे आहेत, हे मी सगळ्यांना सांगायचो. एक तारखेला पगार. बघ, पुन्हा तिथंच आलो. जाऊ दे.

कर्जाचं विचारलं तेव्हा म्हणालीस, "अण्णा, मुद्रा कर्जाच्या फायली मीच हातावेगळ्या करत होते. त्यातल्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. हप्ता कसा बसवायचा हे मला शिकवू नका." खरं आहे. हप्त्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझा जीव अडकलाय तो टाकीत.

आईला तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मी रोज बघतो. मागं तुझा छोटा हत्ती टेम्पो, त्यावर पाईप आणि मशीन, बाजूला दोन पोरी हातमोजे घालून उभ्या. तू गमबूट घालून हौदाच्या तोंडाशी बसलीस, हसतेस. पाय आत आहेत. दोर कुणाच्या हातात आहे ते मी फोटो मोठा करकरून शोधलं. दोर दिसला नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. घरातली ज्वारी संपली तेव्हा आजोबांनी अंगणातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडलं. माती काढली, तोंडावरचा कडबा उचलला. सालगडी लगेच उतरायला निघाला, त्यालाही भूक होतीच. आजोबांनी त्याचा दंड धरला. कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. अर्ध्या दोरीवरच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग पेव उघडंच ठेवून आजोबा काठी घेऊन काठावर बसले. घरात पीठ नव्हतं. आजीनं त्या रात्री आम्हाला दुष्काळी कामावरून मिळालेली सुकडी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा कुठं माणूस उतरला. दाणा कोंडला की आतली हवा खाऊन टाकतो आणि जड वायू तळाला बसतो, हे मला पुढं नोकरीत कळलं. आजोबांना ते कंदिलावरून कळत होतं.

तू मात्र कंदील सोडू नकोस. गाळात पेट घेणारा वायूही असतो. वायू मोजायचा मीटर घे. प्राणवायू हवेत २१ टक्क्यांच्या आसपास असतो; १९.५ च्या खाली आकडा गेला की कुणी आत पाय घालायचा नाही. सगळी झाकणं उघडायची, पाणी पंपानं बाहेर काढायचं, ब्लोअर लावायचा आणि थांबायचं. गिऱ्हाईक घाई करत असेल तर करू दे. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि मग येईनासा झाला, तर वायू गेला असं समजू नको. वायू वाढला की नाकच बधिर होतं. आणि एखादा आत पडला तर दुसऱ्यानं त्याच्यामागं उतरायचं नाही, दोरानं ओढायचं. एकामागं एक माणसं अशीच जातात. त्या पोरींना सांग, ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एका बादलीत कधी घालायचं नाही, क्लोरीन सुटतो.

मैल्याच्या टाकीचं काम तर कितीही पैसे देऊ देत, घेऊ नको. त्यात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. माणूस गेला तर ३० लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. त्या ३० लाखांचं कुणाच्या आईनं काय करायचं?

दोन पानं झाली आणि मी तुला शिकवतच सुटलोय. यातलं बरंचसं तुला माहीत असेल. रागावू नको, माय.

खरं सांगू? पहिल्यांदा तुला हौदात मीच उतरवलं होतं. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. आपला हौद तळाला गेलेला. तू सुट्टी काढून आलीस आणि म्हणालीस, "अण्णा, असा रिकामा हौद पुन्हा सापडणार नाही." नारळाची शेंडी घेऊन चार तास घासत होतीस. मी वरून घमेलं ओढत होतो. वर आलीस तेव्हा कोपरापर्यंत काळा गाळ, कपाळावर चुना, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बँकेत लागलीस त्या दिवशीही मी तो बघितला नव्हता. टँकरचं पाणी हौदात पडलं तेव्हा तळाची फरशी दिसत होती. शेजारच्या बायका वाकून बघून गेल्या. त्या दिवशी मीही दोर बांधला नव्हता. हे आठवलं की मला झोप येत नाही.

काल मारुतीच्या पारावर काका भेटले. मी आपणहून सांगितलं, "ताई बँकेत नाही. तिनं स्वतःचा धंदा काढलाय. टाक्या, हौद, बंगले साफ करून देते. चार माणसं कामाला आहेत." काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या हौदात वीतभर गाळ आहे. ती किती घेईल?" मला भाव माहीत नव्हता. त्यांचा हौद ८ हजार लिटरचा आहे, जमिनीत, तोंड लहान. काय घेशील ते कळव.

रविवारच्या गाडीनं येतोय. आई हुरडा आणि शेंगदाण्याच्या पोळ्या देतेय.

तुझे
अण्णा

ता. क. मोंढ्यातून चांगला जाड दोर घेतलाय, ३० फूट. सोबत आणतो. तोपर्यंत झाकण उघडण्याआधी मला फोन करत जा.