पाचही सामन्यांचे निकाल छापा

महोदय,

आशियाई क्रीडा स्पर्धेतील महिला सांघिक बॅडमिंटनची बातमी बहुतेक वेळा एकाच नावावर संपते: सिंधू जिंकली की हरली. पण सांघिक लढत पाच सामन्यांची असते, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. त्यातले तीन जिंकावे लागतात. 2014 मध्ये इंचॉनला उपांत्य फेरीत सायनाने आपला सामना जिंकला, तरी कोरियाने आपल्याला 3-1 ने हरवले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

2023 मध्ये हांगझोऊच्या अंतिम फेरीत कोरियाने चीनला चीनमध्येच 3-0 ने नमवले. एकेरी जिंकणाऱ्या आन से-यंगचे कौतुक झाले, ते योग्यच. पण दुहेरीत बेक हा-ना आणि ली सो-ही यांनी चीनच्या चेन चिंगचेन-जिया यिफान या बलाढ्य जोडीला हरवले नसते, तर चित्र वेगळे दिसले असते. आपल्या मुलींनी फेब्रुवारी 2024 मध्ये आशियाई सांघिक अजिंक्यपद स्पर्धेचे विजेतेपद मिळवले तेही असेच. अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध सिंधूचा एक विजय, त्रिसा-गायत्री जोडीचा दुसरा, आणि 2-2 अशा बरोबरीनंतर शेवटचा सामना जिंकला सतरा वर्षांच्या अनमोल खरबने!

माझी मुलगी इथे सोलापुरात दुहेरी खेळते. नेटजवळ ती रॅकेट वर धरून उभी असते, जोडीदारिणीचा स्मॅश तिच्या कानाजवळून जातो, आणि ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. हा विश्वास महिनोन् महिने एकत्र खेळल्यावरच येतो. पण शहरातल्या ज्या हॉलमध्ये ती जाते, तिथे जोडीचा वेगळा सराव नाहीच. स्पर्धा तोंडावर आली की एकेरीत मागे पडलेल्या दोघींना एकत्र उभे करतात. पालकही तेच म्हणतात, 'दुहेरीत नाव कुठे होतं?' त्यांचे तरी काय चुकले? पेपरात नाव येत नाही, हे ते रोज बघतात.

म्हणून विनंती आहे. 2026 च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेत सांघिक लढतींचे निकाल देताना पाचही सामन्यांचे गुण आणि दुहेरीतल्या चौघींची पूर्ण नावे छापावीत. जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांच्या बातम्यांतही दुहेरीच्या जोड्यांना जागा द्यावी. त्यासाठी एखादा फोटो लहान करावा लागला तरी चालेल.

– एक पालक, जुळे सोलापूर