बोटांना कळणारा धोका

‘घरातली रसायने आणि अपघात’ हा रविवारच्या अंकातील लेख वाचला. बाटलीवरची सूचना वाचूनच ती वापरा, हा त्यातला सल्ला योग्य आहे. पण ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचे?

काचबिंदूने माझ्या आईची दृष्टी गेली. फरशी पुसायचे द्रावण आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड यांच्या बाटल्या हाताला सारख्याच लागतात, म्हणून अ‍ॅसिडच्या बाटलीला आम्ही रबरबँड गुंडाळतो. तो एकदा निसटला आणि थोडक्यात निभावले. अशा घरगुती युक्त्यांवर किती दिवस विसंबायचे?

युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीनुसार जनतेला विकल्या जाणाऱ्या दाहक, विषारी, ज्वालाग्राही रसायनांच्या वेष्टनावर हाताला जाणवणारी धोक्याची खूण बंधनकारक आहे. सहसा तो एक छोटा, उठावदार त्रिकोण असतो. ब्रेल येण्याचीही गरज नाही, आणि हे फार महत्त्वाचे. कारण उतारवयात दृष्टी गेलेले बहुतेक लोक ब्रेल शिकलेले नसतात.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना प्रोत्साहन देण्याची जबाबदारी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने शासनावर टाकली आहे. बाटलीच्या साच्यात एक त्रिकोण कोरायला उत्पादकांना फारसा खर्च येणार नाही. निदान अ‍ॅसिड आणि कीटकनाशकांपासून केंद्र सरकारने ही सक्ती सुरू करावी.

– एक वाचक, सातारा